थिएटर कशाला? आधी रस्ते करा की!

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. सवडीनं वाचा.

परवा खासबागेच्या कोपऱ्यावर चहा पीत उभा होतो. समोर केशवराव भोसले नाट्यगृहाचं काम चाललेलं, आतनं ठोकाठोकीचा आवाज. शेजारी आमच्या गल्लीतले एक दुकानदार उभे होते. वयानं मोठे, सगळी गल्ली त्यांना मामाच म्हणते. मामा बराच वेळ तिकडं बघत राहिले आणि म्हणाले, "एवढं कोटीनं पैसं नाटकात घालायचं? आधी रस्त्यातलं खड्डं मुजवा म्हणावं. नाटकानं कुणाचं पोट भरतंय व्हय?"

मी म्हटलं, "मामा, तुम्ही पण तिथंच बसून शिट्ट्या मारल्यात की."

मामा हसले. "मारल्यात की. पण ते तवा."

चहा संपला, मामा गेले. पण हा प्रश्न काही डोक्यातनं जाईना. कारण तो चुकीचा नाही. खड्डे आहेतच. पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी चढतंय, ते आहेच. अशा गावात सरकारी पैशानं, म्हणजे तुमच्या-माझ्या पैशानं, नाट्यगृह का बांधायचं? याचं उत्तर "कला म्हणजे संस्कृती, संस्कृती म्हणजे आत्मा" असल्या भाषणबाजीत मिळत नाही. ते मिळालं तर कोल्हापूरच्याच इतिहासात मिळेल, कारण हा प्रयोग आपल्या गावानं शंभर वर्षं करून बघितलाय. त्याचा जमाखर्च मांडून बघू.

८ ऑगस्ट २०२४ ची रात्र बऱ्याच जणांच्या लक्षात असेल. गुरुवार होता. आग लागल्याचा फोन आला आणि अर्धं गाव खासबागेकडं पळालं. नाट्यगृह जळत होतं, खासबाग मैदानाच्या बाजूचा रंगमंचही जळाला. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवराव भोसल्यांची जयंती. ज्याच्या नावाचं नाट्यगृह, त्याच्या वाढदिवसाच्या आदल्या रात्री त्याची राख. मी स्वतः मोठी माणसं ढसाढसा रडताना बघितली. त्यातली निम्मी नटही नव्हती, नाटकवालीही नव्हती. कुणी तिथं डोअरकीपर होता, कुणी बाहेर शेंगदाणे विकायचा, कुणाचं शाळेचं गॅदरिंग तिथं झालेलं.

एक इमारत जळाल्यावर एवढी माणसं का रडतात, हे समजून घ्यायला १९१५ पर्यंत मागं जावं लागतं.

राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले. त्या प्रवासात रोमला त्यांनी कोलोसियम बघितलं. आपल्याकडचा दुसरा एखादा संस्थानिक असता तर तिथनं झुंबरं घेऊन आला असता. महाराजांनी तिथनं एक कल्पना आणली. हजारो माणसं गोल बसलीत आणि कुठंही बसलं तरी मधला आखाडा दिसतोय, असं कुस्तीचं मैदान आपल्याकडं का नको? त्यातनं खासबागेचं मैदान उभं राहिलं. ते १९१२ ला पुरं झालं आणि लगेच त्याला लागूनच नाटकाचं थिएटर बांधायला घेतलं. १९१५ ला ते उभं राहिलं. नाव पॅलेस थिएटर.

दोन्हींची भिंत एकमेकाला लागून आहे, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. इकडं लाल माती, तिकडं रंगमंच. इकडं पैलवान, तिकडं स्त्रीपार्ट. कुस्तीला येणारा खेड्यातला माणूस आणि नाट्यपदं ऐकायला येणारा पेठेतला माणूस एकाच कोपऱ्यावर चहा पिणार. हे आपोआप झालं नाही. महाराजांना वेगवेगळ्या जागा देता आल्या असत्या की. राजवाड्याच्या आवारात बंदिस्त नाट्यशाळा बांधून सरदार-दरकदारांपुरते प्रयोग ठेवता आले असते, तसे राजे पुष्कळ झाले. नाव पॅलेस ठेवलं तरी जागा मात्र गावाच्या पायाखालची निवडली.

आता मामांचा प्रश्न. त्या वेळी रस्ते, पाणी, शाळा सगळं झालं होतं म्हणून थिएटर बांधलं काय? अजिबात नाही. १८९६-९७ चा दुष्काळ, पाठोपाठ प्लेग, मग पुन्हा दुष्काळ, असल्या काळात महाराजांची कारकीर्द सुरू झाली. १९०२ मध्ये मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. जातवार वसतिगृहं उभी राहिली. १९१७ ला मोफत आणि सक्तीचं प्राथमिक शिक्षण आलं. राधानगरीचं धरण याच काळात सुरू झालं. म्हणजे धरण, शाळा, वसतिगृह, आखाडा आणि थिएटर ही सगळी कामं एकाच माणसाच्या टेबलावर एकाच वेळी होती.

इथं एक अडचणीची गोष्ट आहे आणि ती लपवायची नाही. राधानगरीचं काम १९१८ च्या सुमारास थांबलं. पैसा कमी पडला. धरण पुरं झालं ते स्वातंत्र्यानंतर. थिएटर मात्र झालं. तेव्हा मामांसारखा कुणी म्हणू शकतो की बघा, नाटकाला पैसे होते आणि धरणाला नव्हते! पण धरणाचा खर्च आणि एका थिएटरचा खर्च यात हत्ती आणि शेळीचा फरक असतो. शेळी विकून हत्ती येत नाही. आजही नाट्यगृहाचे पैसे वाचवले म्हणून शहरातले सगळे रस्ते होतील असं कुणी महापालिकेचा हिशेब बघितलेला माणूस म्हणणार नाही. खड्डे पडतात त्याची कारणं वेगळी आहेत, त्यावर वेगळी पोस्ट लिहीन.

आणखी एक आक्षेप हमखास येतो. "महाराजांनी स्वतःच्या खिशातनं दिलं, आता सरकार लोकांच्या खिशातनं देतंय." संस्थानची तिजोरी कशानं भरायची? शेतसाऱ्यानं. म्हणजे तेव्हाही पैसा करवीर, पन्हाळा, भुदरगडच्या कुळवाड्याचाच होता. फरक एवढाच की तेव्हा कुणाला विचारावं लागत नव्हतं, आता विचारावं लागतं. विचारावं लागतं हे चांगलंच आहे. म्हणून तर ही पोस्ट लिहितोय.

पैसा घातला त्याचं काय झालं? इथं मला जरा सावकाश जायचंय.

१८९५ च्या सुमारास कोल्हापूर दरबारात एक गवई आले. अल्लादिया खाँ. त्यांची हकिगत विलक्षण आहे. आमलेटा नावाच्या संस्थानात असताना गाऊन गाऊन त्यांचा आवाज बसला होता. परत आला तो पहिल्यासारखा नव्हता. गवयाचा आवाज गेला म्हणजे पैलवानाचा गुडघा गेला. पण खाँसाहेबांनी त्या बदललेल्या आवाजाला साजेल अशी नवी गायकी घडवली. आज जिला आपण जयपूर-अत्रौली घराणं म्हणतो, ती अवघड, वळणावळणाची गायकी. अशी गोष्ट दोन महिन्यांत होत नाही. त्याला वर्षानुवर्षं चूल पेटती लागते, उद्याच्या मैफिलीची बिदागी मिळेल का ही चिंता नसावी लागते. कोल्हापूरनं त्यांना ती निश्चिंती सुमारे पंचवीस वर्षं दिली. आणि बदल्यात काय मिळालं? खाँसाहेब अंबाबाईच्या देवळात गात. मुसलमान गवई, देवीच्या दारात, आणि समोर ऐकायला तिकीट न काढलेली माणसं. भाजीची पाटी घेऊन आलेली बाई पण तिथं दोन मिनिटं थांबू शकत होती. दरबारी गवई म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर लोड-तक्के येतात. इथं लोड-तक्क्याबरोबर देवळाची फरशीही होती.

त्याच गावात देवल क्लब होता, आजही आहे. १८८३ पासूनची संस्था. गावातली गाण्याची हौस असणारी मंडळी तिथं जमायची. त्या वातावरणात गोविंदराव टेंबे पेटी वाजवत वाढले. खाँसाहेबांच्या गायकीचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला, पुढं त्यांनी खाँसाहेबांचं चरित्रही लिहिलं. १९११ ला खाडिलकरांचं 'मानापमान' आलं, त्याच्या चाली गोविंदरावांच्या. म्हणजे देवळात आणि दिवाणखान्यात ऐकू येणारं रागदारी गाणं नाटकाच्या तिकिटावर सगळ्या महाराष्ट्रात पोचलं. ज्यानं आयुष्यात मैफल ऐकली नाही असा माणूसही ती पदं गुणगुणू लागला.

दुसरा धागा केशवरावांचा. १८९० ला कोल्हापुरात जन्म, घरची गरिबी, शाळा जवळजवळ नाहीच. लहानपणीच नाटक कंपनीत गेले. 'शारदा' नाटकातल्या शारदेच्या भूमिकेनं पोराचं नाव झालं. १९०८ ला हुबळीत स्वतःची 'ललितकलादर्श' काढली, तेव्हा वय अठराच्याही आत. सवंगडी जमवून कंपनी काढायची आणि गावोगाव ट्रंका घेऊन फिरायचं, हे धाडस सोपं नव्हतं. शाहू महाराजांचा या पोरावर जीव होता. त्या काळात एका गरीब मराठा घरातल्या, न शिकलेल्या मुलानं संगीत नाटकाचा नायक म्हणून उभं राहणं ही नुसती कलेची गोष्ट नव्हती. वेदोक्त प्रकरण ज्या गावात झालं त्या गावाला हे सांगायला नको. बालगंधर्वांच्या कानाच्या दुखण्यावर महाराजांनी मिरजेला उपचाराची सोय केली असंही सांगतात. आणि ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त 'मानापमान' झालं, केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. चाली आपल्या गोविंदरावांच्या. कोल्हापुरात वर्षानुवर्षं जे पेरलं, ते त्या रात्री मुंबईच्या स्टेजवर एकत्र उभं होतं आणि पैसा स्वराज्याच्या फंडात जात होता. त्यानंतर तीनच महिन्यांत, ४ ऑक्टोबरला, केशवराव विषमज्वरानं गेले. वय एकतीस.

तिसरा धागा सगळ्यात मजेशीर आहे. तो पडद्याचा.

नाटक कंपनीला पडदे लागतात. राजवाडा, जंगल, रस्ता, देऊळ, सगळं रंगवून घ्यावं लागायचं. कोल्हापुरातले दोन चुलतभाऊ, आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री, या कामात इतके तरबेज झाले की त्यांचं आडनावच पेंटर झालं. केशवरावांच्या कंपनीचे नावाजलेले पडदे त्यांनी रंगवले. म्हणजे ज्या पैशानं नाटक चाललं, त्याच पैशावर हे दोघे हात बसवत होते, प्रकाश-सावली, खोली, दूर-जवळ शिकत होते. मग त्यांना सिनेमाचं वेड लागलं. आनंदराव लवकर वारले. बाबूरावांनी कॅमेरा स्वतः बनवला. विकत आणायला पैसे कुठले! महाराष्ट्र फिल्म कंपनी काढताना भांडवल दिलं ते तानीबाई कागलकर या संगीतप्रेमी बाईंनी. 'सैरंध्री' आला १९२० ला. १९२५ ला 'सावकारी पाश', कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची गोष्ट.

याच कंपनीत दामले, फत्तेलाल, शांताराम नावाची पोरं कामाला होती. पडदा रंगव, सेट ठोक, कॅमेरा धर, नट कमी पडला तर उभा राहा. १९२९ ला ती बाहेर पडली आणि कोल्हापुरातच 'प्रभात' निघाली. १९३२ ला 'अयोध्येचा राजा', मराठीतला पहिला बोलपट. त्यात हरिश्चंद्र कोण? गोविंदराव टेंबे. संगीत कुणाचं? गोविंदराव टेंब्यांचंच. देवल क्लबातली पेटी अशी फिरत फिरत बोलपटापर्यंत आली. १९३३ ला प्रभात पुण्याला गेली. तिथनं निघालेला दामले-फत्तेलालांचा 'संत तुकाराम' व्हेनिसच्या महोत्सवात नावाजला गेला. आणि पुण्यातल्या त्या प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० ला सरकारनं फिल्म इन्स्टिट्यूट काढली, तेव्हा पुन्हा सरकारी पैसा आलाच. तिथं शिकलेल्या नटांचे पिक्चर मामांनी बघितलेत. शिट्ट्या मारून बघितलेत.

आता मला सांगा, १९१५ च्या एखाद्या कारभाऱ्यानं हिशेब मांडला असता, की गवयाला पगार इतका, थिएटरचा खर्च इतका, तिकिटाचं उत्पन्न इतकं, म्हणून तोटा इतका, तर त्याचा हिशेब बरोबर आला असता काय? बेरीज बरोबर आली असती. पण ज्या वहीत तो लिहीत होता त्या वहीत प्रभातचं पान नव्हतंच. एका खात्यात पैसा घातला आणि वीस वर्षांनी तिसऱ्याच खात्यात निघाला. उसाला पाणी घातलं की उसालाच मिळतंय, बांधावरच्या नारळाला पण मिळतंय हे शेतकऱ्याला कळतं. ऑडिटला कळत नाही.

हे सगळं सरळ ओळीत घडलं असं मी म्हणत नाही. प्लेगच्या गावात गाणं ऐकून कुणी बरं झालं नाही. तानीबाईंचे पैसे खाजगी होते, बाबूरावांची जिद्द त्यांची स्वतःची होती. पण जिद्द असलेली माणसं सगळ्याच गावांत जन्मतात. सगळ्याच गावांत पडदे रंगवायचं काम मिळत नाही.

आता दुसरी बाजू. हा इतिहास नुसता फेटे बांधून मिरवायचा नाही.

६ मे १९२२ ला शाहू महाराज गेले. त्यानंतर अल्लादिया खाँ मुंबईला गेले आणि १९४६ मध्ये वारेपर्यंत मुंबईचेच झाले. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, या गोमंतकातनं आलेल्या थोर गायिका त्यांच्या शिष्या. केसरबाईंची भैरवी १९७७ ला व्हॉयेजर यानातल्या सोन्याच्या तबकडीवर अंतराळात गेली. आपण कोल्हापूरकर अभिमानानं सांगतो, "आमच्या खाँसाहेबांची शिष्या!" खरं आहे. पण ते आमचे खाँसाहेब तोवर आमच्याकडं राहिले नव्हते. एका माणसाच्या प्रेमावर उभा असलेला आश्रय त्या माणसाबरोबर सरला. सुदैवानं त्यांचे चिरंजीव भुर्जी खाँ कोल्हापुरात राहिले. म्हणून कोल्हापुरात जन्मलेल्या धोंडूताई कुलकर्णींना गावात राहून ते गाणं शिकता आलं. मल्लिकार्जुन मन्सूरही भुर्जी खाँचे शिष्य. एक उस्ताद गावात राहिला तर काय होतं आणि गेला तर काय होतं, दोन्ही आपण एकाच घरात बघितलं.

दरबारी चित्रकार आबालाल रहिमान. असला हात सगळ्या हिंदुस्थानात थोड्यांचा होता. कोटीतीर्थाच्या आसपास भटकत चित्रं काढणारा हा माणूस १९३१ ला गेला. आज गावातल्या दहा पोरांना विचारा, आबालाल कोण? मी विचारून बघितलंय. उत्तर ऐकवत नाही.

गवई गेला, चित्रकार विसरला गेला, संस्थान १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं. काय राहिलं? इमारत राहिली. तिच्यावर एका माणसाची मर्जी नव्हती, ती गावाची झाली होती. १९५७ ला पॅलेस थिएटरचं केशवराव भोसले नाट्यगृह झालं. राजवाड्याचं नाव गेलं आणि गरिबाच्या पोराचं नाव आलं, याच्यासारखा नामांतराचा किस्सा मला दुसरा माहीत नाही. पुढं ते महापालिकेचं नाट्यगृह म्हणून चालत राहिलं.

आणि इमारत होती म्हणून पुढचं घडलं. राज्य नाट्य स्पर्धा. सरकारनं सुरू केलेल्या योजनांपैकी जी खरोखर खेड्यापाड्यांत झिरपली अशी मला ही एक दिसते. बँकेतला क्लार्क, एसटीतला मेकॅनिक, शाळेतला मास्तर, वीज मंडळातला वायरमन, ही मंडळी दोन-अडीच महिने रात्री तालमी करणार, घरच्यांच्या शिव्या खाणार, आणि एक दिवस खऱ्या स्टेजवर खऱ्या लाईटमध्ये उभी राहणार. तिकीट अगदी परवडणारं. मी कॉलेजात असताना एका नाटकात तिसऱ्या अंकात ट्रे घेऊन यायचो आणि जायचो. वाक्य एकच होतं. पण विंगेत उभं राहून त्या काळोखाकडं बघताना पोटात जो गोळा आला तो अजून आठवतो. वडील पहिल्या रांगेच्या मागं कुठंतरी बसलेले. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "आवाज पोचला." आमच्या घरात याच्यापेक्षा मोठं कौतुक कुणाचं झालेलं नाही.

सरकारनं पैसा दिला की कलावंत मिंधा होतो, असंही काही मित्र म्हणतात. भीती खोटी नाही. पण विजय तेंडुलकरांनी 'शांतता! कोर्ट चालू आहे' लिहिलं ते 'रंगायन'साठी, १९६७ च्या राज्य नाट्य स्पर्धेकरता. सरकारी स्पर्धेत असं नाटक, जे बघून प्रेक्षकालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहिल्यासारखं वाटावं! त्याच सरकारच्या परिनिरीक्षण मंडळानं पाचच वर्षांनी तेंडुलकरांच्याच 'सखाराम बाइंडर'ला कात्री लावायला घेतली आणि कमलाकर सारंगांना हायकोर्टात जावं लागलं. तिथं ते जिंकले. एका हातात स्टेज, दुसऱ्या हातात कात्री. स्टेज घ्यायचं आणि कात्रीशी भांडायचं, हा मार्ग आपल्याकडच्या लोकांनी चालून दाखवलाय. कात्रीच्या भीतीनं स्टेजच नको म्हणणाऱ्यांचं मला कळत नाही. स्टेज नसेल तर भांडायला तरी कुठं उभं राहणार?

आता आजचं. आगीनंतर गावानं रेटा लावला, सरकारनं कोट्यवधींचा निधी जाहीर केला, काम सुरू झालं. बाहेरनं जुनं रूप तसंच ठेवायचं ही मागणी सगळ्यांचीच होती आणि ती रास्त आहे. पण बाहेरच्या दगडाइतकंच आतलं काय होणार, हे मला जास्त सतावतंय. इमारत पुन्हा उभी राहणार, एसी लागणार, खुर्च्या मऊ येणार, साऊंड भारी येणार. त्या सगळ्याचा खर्च भाड्यात निघाला, तर हौशी मंडळी तिथं पाय ठेवू शकणार नाहीत. मग तारखा कुणाला मिळणार? ज्यांच्याकडं पैसा आहे त्यांना. मोठ्या शहरातली व्यावसायिक नाटकं, इव्हेंटवाले, सत्कार समारंभ. त्यांचा राग नाही, त्यांचे पैसे पण लागतात. पण ट्रे घेऊन येणाऱ्या पोराला तिसऱ्या अंकात उभं राहायला जागा उरली नाही, तर आपण फक्त एक सुंदर लग्नाचा हॉल बांधला असं होईल.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. हौशी संस्थांना आणि शाळांना वर्षातले ठरावीक दिवस परवडणाऱ्या दरात मिळावेत आणि ते दिवस लेखी राखून ठेवावेत, कुणा साहेबाच्या मर्जीवर नकोत. साहेब बदलतात, महाराजही गेले, हे आपण बघितलंय. रंगीत तालमीचा दर प्रयोगाच्या दराइतका नसावा. एक तालमीची खोली असावी, कारण आज गावात तालमी कुठं होतात ते नाटकवाल्यांना विचारा. गच्चीवर, गोडाऊनमध्ये, बंद पडलेल्या कारखान्यात. आग विझवायची यंत्रणा कागदावर नको, दर सहा महिन्यांनी लोकांसमोर चालवून दाखवा. आणि लाईट-पडद्याचं काम करणाऱ्या पोरांना तिथं शिकायला मिळू दे. बाबूराव पेंटर अभिनयातनं आले नव्हते, पडद्यामागनं आले होते.

यातली भाड्याची गोष्ट वाचून कुणी म्हणेल, म्हणजे तोट्यात चालवायचं? होय, थोडं तोट्यातच. बाग तोट्यात असते, वाचनालय तोट्यात असतं, रंकाळ्याभोवती फिरायला कुणी तिकीट लावत नाही.

ही पोस्ट लिहून झाल्यावर मामांना वाचून दाखवली. सगळी ऐकली त्यांनी, मध्ये दोन गिऱ्हाइकं पण केली. शेवटी म्हणाले, "ते सगळं ठीक हाय. खड्ड्याचं पण लिव्ह." लिहितो म्हटलं. मग जरा थांबून त्यांनी गल्ल्याच्या खालच्या कप्प्यातनं एक जुनी डायरी काढली. तिच्यात नाटकाचं एक तिकीट, पिवळं पडलेलं. तारीख पुसलीय, नंबर दिसतोय. मामी आणि ते लग्नानंतर पहिल्यांदा कुठं गेले होते तर तिथं. फोटो काढू दिला नाही, "लोकं हसतील" म्हणाले.

तुमच्याकडं असं काही असेल, तिकीट, हँडबिल, गॅदरिंगचा फोटो, स्पर्धेचं प्रमाणपत्र, तर खाली टाका. वर्ष आठवत असेल तर वर्ष लिहा. नाटकाचं नाव आठवत नसेल तरी चालेल. आणि भाड्याच्या मागणीवर तुमच्या संस्थेची सही हवी असेल तर मला मेसेज करा, निवेदन लिहायला घेतलंय.